हजार माणसांचं औषध
मंडळी, गंभीर जाहीर निवेदन: घोंगडीच्या वासानं मला आजही घाम फुटतो. टँकरच्या पाण्यावर जगण्याच्या त्या दिवसांत, संभाजीनगरच्या दवाखान्यात माझी तीन वर्षांची लेक सहा दिवस तापानं फणफणत होती. डोळे लाल, जीभ तुतीसारखी. “रक्तवाहिन्या सुजल्यात, उशीर झाला तर हृदयावर जाईल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हजारो माणसांच्या रक्तातून काढलेलं औषध दिवसभर थेंबथेंब तिच्या हातात शिरत होतं. पिशोरहून आलेले, जन्मभर मेंढरं राखलेले माझे वडील घोंगडी पांघरून उभे होते. आज लेक मेंढरांत बिनधास्त शिरते, तेव्हा वडिलांनी डॉक्टरीणबाईंना केलेला रडवेला सवाल आठवतो: “बाई, पोरगी वाचंलच, पण त्या हजारांत एखादा मेंढरंवाला हाय ना? नायतर आमच्या मेंढरांना भिईल!”