ब्लँकेटखालचा घाट

खाउहेलोने मोतेंगचा घाट आजवर चाळीसेक वेळा ओलांडला होता आणि एकदाही पाहिला नव्हता.

माहेर घाटापलीकडे, मोखोतलोंगला. लग्न होऊन ती खाली ह्लोत्सेला आली, तेव्हापासून मयताला, बारशाला बसने जायची. वाटेतलं बुथा-बुथे गाव मागे पडलं की अंगावरचं ब्लँकेट डोक्यावरून ओढून घ्यायची. कुणी "झाला बाई एकदाचा" म्हणालं की मगच तोंड बाहेर काढायची. नऊ वर्षांची असताना तिच्या डोळ्यांदेखत लोकरीचा एक ट्रक गावाजवळच्या वळणावरून मागे मागे घसरत गेला होता. माणसं वाचली, पण तिच्या मिटल्या डोळ्यांमागे तो ट्रक अजून घसरतच होता.

सपाटीवर मात्र ती बिनधास्त होती. अकरा वर्षं ती पिकअपमधून आसपासच्या गावांत मक्याच्या पिठाची पोती पोचवत होती.

आता बाबांचा दगड वर न्यायचा होता. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. शनिवारी त्यांच्या थडग्यावर दगड बसवायचा, त्यावर नवं ब्लँकेट पांघरायचं आणि सगळ्या भावकीसमोर ते उचलायचं. जेवणावळीसाठी बैल ठरला होता, जोआला ही ज्वारीची दारू आंबत होती. दगड ह्लोत्सेच्या कारागिराकडे तयार होता. आणि सोमवारी ट्रकवाल्याने कळवलं, वर बर्फ आहे, आता हिवाळा सरल्यावर, ऑगस्टनंतर बघू.

"ऑगस्टनंतर?" आई फोनवर कडाडली. "म्हणजे बैलाला सांगू का, थांब म्हणून? तुझ्याकडे गाडी आहे ना?"

"म्मे, मी घाटात कधी चालवली नाही."

"तुझे बाबा तरुणपणी तोच घाट घोड्यावरून उतरायचे. तेही दोन घोट घेऊन."

मंगळवारी सकाळी ती म्हाताऱ्या मोथोबींकडे गेली. सगळे त्यांना मानाने न्ताते म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी डोंगरातली बस चालवली होती. आता गुडघा गेला होता आणि ते दिवसभर भिंतीपाशी उन्हात बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत.

"किती वेळा गेलीस वर?"

"चाळीस तरी. तुमच्याच बसने, न्ताते."

"मग सांग, पुलानंतरचं पहिलं वळण कुठल्या हाताला?"

खाउहेलो हळूच म्हणाली, "डोक्यावर ब्लँकेट होतं."

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. "तरीच! मला वाटायचं, तिसऱ्या बाकावर कुणीतरी पोतं ठेवून जातं."

त्यांनी काठीने अंगणातल्या धुळीत घाट काढला. पुलानंतर डावं, मग उजवं, कड्याला चिकटून. मग लांब सरळ चढ, डाव्या हाताला पांढरा खडक. तो दिसला की गिअर बदलायचा. पीठ पोचवताना ती ते मनात घोकत राहिली.

"आणि चढताना जो गिअर, उतरतानाही तोच," ते म्हणाले. "ब्रेकवर पाय ठेवून बसलीस तर चाकं तापतील, मग ब्रेकही तुझ्यासारखा डोळे मिटून घेईल."

बुधवारी त्यांनी तिला गावाबाहेरच्या मुरमाच्या टेकडीवर नेलं, मागे पोती भरून. दुसऱ्या खेपेला ऐन चढावर इंजिन बंद पडलं. गाडी वीतभर मागे सरकली आणि तिचे डोळे आपोआप मिटले.

"डोळे!" म्हातारा ओरडला. "मिटलेस तर मी इथेच उतरून घरी चालत जाईन. या गुडघ्यानं!"

तिने डोळे उघडले. हँडब्रेक ओढला. गाडी थांबली होती.

गुरुवारी दगड चढवायला चार माणसं आली. तो केबिनला टेकून उभा करायचा, असं खाउहेलोने ठरवलं होतं. बाबांना आडवं कसं टाकायचं?

"उभा ठेवलास तर पहिल्याच वळणावर गाडीला घेऊन खाली जाईल," मोथोबी म्हणाले. "आडवा. मागच्या चाकांच्या बरोबर वर. चारी बाजूंनी पोती."

आईला फोनवर हे कळलं मात्र, "मेलेल्या माणसाला पुन्हा आडवं करता?"

मोथोबींनी फोन आपल्या हातात घेतला. तेही तिला मानाने म्मेच म्हणत. "म्मे, तो जन्मभर माझ्या बसमध्ये उभ्यानं आला-गेला. जागा मिळाली तरी बायकांना द्यायचा. आता जरा निजू दे की."



"बरं," आई म्हणाली. "पण नाव वर."

शुक्रवारी ऊन पडलं तेव्हा गवतावर दहिवर गोठलेलं होतं. खाउहेलोने गार वारा अडवायला रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला. बर्फासाठी चाकांच्या साखळ्या, फावडं, राखेचं पोतं, शिवाय चहा, पिठाचे तळलेले गोळे, सगळं घेतलं. खांद्यावर ब्लँकेट टाकून पिन लावली. तेवढ्यात काठी टेकत मोथोबी आले, स्वतःच्या ब्लँकेटमध्ये, टोपी घालून, आणि न विचारता शेजारी चढून बसले.

"तुम्ही कुठे?"

"भावकीतला नसलो तरी बैल खातो मी."

बुथा-बुथे मागे पडलं. पूल आला. रस्त्याने नाक वर केलं आणि खाउहेलोचा हात आपसूक ब्लँकेटच्या काठाकडे गेला. तिने तो उचलून गिअरवर ठेवला. डावं वळण नीट गेलं. बाजूला दरी उघडी पडली.

काहीतरी विचारावं म्हणून तिने शेजारी पाहिलं. तिथे नुसता ब्लँकेटचा ढीग होता. बाहेर काठी आणि दोन गुडघे.

"न्ताते?"

"एकतीस वर्षं मी चाक धरून बसलो," ब्लँकेटमधून आवाज आला. "या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. फार खोल आहे गं."

ती हसली नाही. दुसरा गिअर टाकला आणि मोठ्याने बोलू लागली. "आता उजवं घेतेय, न्ताते. कड्याला चिकटून. झालं. आता सरळ चढ."

ब्लँकेट मान डोलावत होतं.

"आणि डाव्या हाताला खडक," ती म्हणाली.

खडक खरंच पांढरा होता.