बाविसावं पान

सरकारी छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत. निसटलेला काना, चुकलेली वेलांटी तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि साहेब कितीही मोठा असो, बाईपुढे त्याची मात्रा चालत नाही, असं तिथले लोक सांगत. ती गंमतच होती म्हणा, कारण बाई मुळात भित्री. रस्त्यात पोलीस दिसला की काहीही केलेलं नसताना ती पलीकडच्या कडेने जायची. घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघायची. मुद्रितशोधक म्हणून एकतीस वर्षं काढली तीसुद्धा चुकीच्या धाकानेच.

पहिल्या मजल्यावरच्या खोलीत तिच्यासमोर तिचे वाचक सहकारी बसायचे, त्यांना सगळे पूर्णविराम म्हणत. मूळ प्रत ते मोठ्याने वाचायचे आणि बाई छापलेल्या प्रुफावरून पेन्सिल फिरवत जायची. विरामचिन्हंसुद्धा ते तोंडाने म्हणत. घरी बायकोलाही ‘वाढ पूर्णविराम’ असं सांगतात, अशी त्यांची ख्याती होती.

त्या बुधवारी नव्या कराचं विधेयक छापायला आलं. आदल्या दिवशी सभागृहाने ते मंजूर केलं होतं. राजपत्रात छापलं की कायदा लागू. देशावरचं कर्ज फेडायला पाण्यावर आणि विजेवर दोन वर्षं अधिभार बसणार, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकवीस पानं सुरळीत गेली. बाविसाव्या पानावर पूर्णविराम वाचू लागले, "कर्ज संपूर्ण फिटेपर्यंत स्वल्पविराम, मात्र चाळीस वर्षांहून अधिक नाही इतक्या काळासाठी स्वल्पविराम, अधिभाराचा दर शासनास वेळोवेळी वाढवता येईल पूर्णविराम."

बाईची पेन्सिल थांबली. सभागृहापुढे गेलेलं मूळ विधेयक तिनेच तपासलं होतं. नंतरच्या सगळ्या दुरुस्त्याही तपासल्या होत्या. चाळीस वर्षं कुठेच नव्हती. तिने मूळ प्रत मागून घेतली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सभागृहाचा गोल शिक्का होता. बाविसाव्या पानावर नव्हता.

कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही, हे संविधानातलं वाक्य तिने दोन आवृत्त्यांत तपासलं होतं. निवडून दिलेल्या माणसांनी हात वर केल्याशिवाय कर नाही, असा त्याचा साधा अर्थ. या पानासाठी कोणी हात वर केलेला नव्हता. घरी तिची लेक बाळंतपणाला आली होती. पोटातलं बाळ चाळिशीला येईपर्यंत नळ उघडला की हे पैसे भरणार होतं, आणि किती भरायचे ते कोणीतरी एका चिठ्ठीवर ठरवणार होतं.

पूर्णविरामांचा चेहरा उतरला. आपलं काम अक्षरं बघायचं, ती बरोबर आहेत, असं ते हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला सात महिने होते. बाईला त्यांचं म्हणणं पटलंसुद्धा. तरी तिच्या हाताने समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि बाजूला लिहिलं, ‘शिक्का नाही. मंजूर दुरुस्त्यांत नाही.’

तासाभरात अधीक्षकांनी तिला खाली बोलावलं. त्यांच्या खुर्चीत अर्थखात्याचा एक माणूस बसला होता. अधीक्षक स्वतः उभे होते. त्या माणसाने बाईसाठी खुर्ची ओढली, पाणी मागवलं आणि विचारलं, "मुलीला आता आठवा ना?"

बाईने मान हलवली. हे त्याला कोणी सांगितलं, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

तो शांतपणे समजावत राहिला. कर्ज देणाऱ्यांना दीर्घ मुदतीची खात्री हवी आहे, सभागृहाला सुटी लागली आहे, पुन्हा भरेपर्यंत थांबलं तर पगारसुद्धा अडकतील. प्रुफावरच्या बाईच्या सहीचा अर्थ इतकाच, की छापील मजकूर प्रतीबरहुकूम आहे.

"पण सभागृहात हे कोणी वाचलं?" बाईने विचारलं. आपलाच आवाज तिला परका वाटला.

"तुम्ही वाचलंत ना," तो हसून म्हणाला.

पेन पुढे सरकवलेलं होतं. तिने ते उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. ती धीट झाली होती असं नाही. खोट्यावर सही करायची तिला या माणसापेक्षाही जास्त भीती वाटली, एवढंच. शिक्का आला की करते, असं पुटपुटून ती उठली. त्याने अडवलं नाही. मुलीची काळजी घ्या, म्हणाला.

मंजूर विधेयकात शंका आली, तर प्रुफाची एक प्रत सभागृहाच्या सचिवांकडे पाठवायची, असा छापखान्याचा जुना नियम होता. तो कोणी वापरला नव्हता, पण रद्दही केलेला नव्हता. बाई थेट टपालाच्या खिडकीशी गेली. जावक वहीत नोंद करताना अक्षर इतकं हललं, की तिचं तिलाच वाचता येईना. पाकीट गेलं आणि तिला वाटलं, आता आपण संपलो.

पुढचे दोन दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. दारावरची बेल वाजली की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. लेक तपासणीला निघाली, तर ही अनवाणीच जिन्यापर्यंत मागे गेली आणि खाली उभी असलेली पांढरी गाडी निघून जाईपर्यंत तिला सोडेना. नवऱ्याने विचारलं, तर पित्त झालंय म्हणाली. छापखान्यात दुसऱ्या मुद्रितशोधकाने तिच्या जागी सही केल्याचं तिला पूर्णविरामांकडून कळलं. त्यांनी स्वतःही केली होती. सांगताना ते खाली बघत होते, आणि बाईला त्यांचा राग आला नाही.

शनिवारी सकाळी यंत्रावर कागद चढत असताना सचिवांचं पत्र आलं. दोनच वाक्यं होती. बाविसावं पान सभागृहाने मंजूर केलेलं नाही. ते छापू नये.

महिन्याभराने सभागृह पुन्हा भरलं आणि तेच कलम उघडपणे मांडलं गेलं. दोन दिवस वाद झाला. चाळीसची पंधरा वर्षं झाली, दर वाढवायचा तर दरवेळी सभागृहाला विचारायचं ठरलं, आणि हात वर झाले. कर बसलाच. ते पान कोणी घुसवलं, हे शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

मात्राबाईची बदली तळमजल्यावरच्या कोऱ्या फॉर्मांच्या कोठारात झाली. घरी तिने सांगितलं, डोळ्यांना ताण नको म्हणून स्वतःच मागून घेतली.

लेकीला मुलगी झाली. दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर एका सभ्य गृहस्थाने हसतमुखाने बाळाचं नाव विचारलं. बाईने दुपट्याचं टोक बाळाच्या तोंडावर ओढलं आणि म्हणाली, अजून ठरलं नाही. ठरलेलं होतं.