रविवारचा एक अर्थ

‘रन’ या एका इंग्रजी क्रियापदापायी अमरावतीपासून अकोल्यापर्यंत माझे मामेसासरे जेवढे हिंडले, तेवढा या मुलखात कुणी सोयरीक जमवायलाही हिंडला नसेल. ते स्वतः कधी पळाल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नाही. तिवशाच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, निवृत्तीनंतर अमरावतीत आले. नुसती चप्पल घालायला त्यांना पाच मिनिटं लागतात. धावपळ सगळी माझ्या स्कूटरची, आणि पेट्रोलही माझंच.

याला कारण त्यांची नात. ती कॅनडात, नऊ वर्षांची. तिला मराठी थोडंफार समजतं, पण बोलायची वेळ आली की इंग्रजी सुरू. मामांना इंग्रजी वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की घाम सुरू. दर रविवारी सकाळी दोघं फोनवर समोरासमोर यायचे. “हाऊ आर यू?” “फाइन, आबा.” संपलं. मग ती त्यांच्या मागच्या कॅलेंडरकडे बघायची आणि हे तिच्या मागच्या खिडकीकडे. एकदा तिनेच विचारलं, शाळेत बाई म्हणाल्या की ‘रन’ या एवढ्याशा शब्दाला ढीगभर अर्थ आहेत, तुम्हाला किती येतात? मामांना दोन आले. एक पळणे, दुसरा क्रिकेटमधली धाव. पोरगी खळखळून हसली. ते हसू पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून या माणसाने उशीएवढा शब्दकोश विकत आणला. ठरलं असं, की दर रविवारी एकच नवा अर्थ सांगायचा, आणि तोही वऱ्हाडात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. तिकडे ती तो वहीत उतरवून घ्यायची.

सोपे अर्थ घरातच सापडले. नळ वाहतो, नाक वाहतं. मामींची लाल ओढणी मामांच्या पांढऱ्या शर्टाबरोबर धुतली गेली आणि रंग उतरला, तोही रनच. शर्ट वाया गेल्याबद्दल ओरडायचं सोडून मामा त्याचा फोटो काढत बसले. शेजारचे वकील नगरसेवकपदाला उभे राहिले, निवडणुकीला उभं राहणं हाही रनच, तो एक रविवार निघाला. एका दमात होणाऱ्या छपाईलाही रन म्हणतात, म्हणून मला अकोल्याला एका लग्नपत्रिकेच्या छापखान्यात दोन तास उभं केलं. कुणाच्या तरी लग्नाचे आम्ही दोघं बिनआमंत्रणाचे साक्षीदार झालो. मोझरीला भजनात एका बुवांनी सुरांची सरसर तान घेतली, तर सगळं सभागृह तल्लीन आणि हे माझ्या कानात म्हणतात, “हाही रनच हाय, जवाईबापू.”

सगळ्यात अवघड निघाला मोजा. बायकांच्या तलम मोज्याचा एक धागा तुटला की वरपर्यंत उसवत जाणारी जी रेघ, तिलाही रन म्हणतात. असले मोजे अमरावतीत घालतं कोण? शेवटी बाजारात एका चाचांच्या दुकानात ते मिळाले. चाचांनी कौतुकाने नवी जोडी उलगडून दाखवली. मामा म्हणाले, “मले फाटेल पायजे.” चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, “इनकी तबीयत तो ठीक है ना?” मामांनी जोडी विकत घेतली, दुकानातच तिला पिन टोचली, आणि रेघ सरसर वर चढली तसे लहान पोरासारखे टाळ्या वाजवू लागले.

एवढ्या वणवणीला कंटाळून मी एकदा म्हणालो, “मामा, फोनवर सगळी यादी तयार मिळते. तिला एकदम पाठवून देऊ.” मामा माझ्याकडे बघतच राहिले. “सगळे एकदाच देल्ले, त पुढच्या रविवारी ते मले फोन कावून करीन? मी काय बोलू तिच्यासंग?” मी गुमान स्कूटरला किक मारली.

पण अर्थ आटतच गेले. कोंबड्यांच्या जाळीच्या आवारालाही रन म्हणतात, गेल्या काही रविवारी मामा तिथपर्यंत आले होते. उरलेले अर्थ सगळे जहाजांचे आणि समुद्राचे, ते वऱ्हाडात कुठून आणायचे? परवाच्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. धुतलेला शर्ट घातला होता, पाय मात्र सारखा हलत होता. पोरगी वही उघडून बसलेली. मामा म्हणाले, “बेटा, फिनिश. वर्ड फिनिश.”

तिने वही मिटली. एकेक शब्द तोलत, अडखळत मराठीत म्हणाली, “मग आज तुम्ही काय केलं, आबा?”

मामा सांगायला लागले ते थांबेनात. मामींचं गुडघ्याचं दुखणं, वरूडहून आलेली आंबट संत्री, गल्लीत खोदलेला रस्ता, सगळं अस्सल वऱ्हाडीत. ती मधूनमधून “म्हणजे?” विचारत होती. चाळीस मिनिटं झाली तरी फोन चालूच.

संध्याकाळी त्यांच्या कॅनडातल्या मुलाचा, पोरीच्या बापाचा, मला फोन आला. अर्थ संपत आल्याचं पोरीच्या कधीच लक्षात आलं होतं. मग आबा फोनवर यायचेच नाहीत असं वाटून तिने ते एक वाक्य बापाकडून पाठ करून घेतलं होतं. महिनाभर रोज म्हणून बघत होती.

मी ते मामांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, “भ्यालं असन लेकरू.”