अण्णांच्या लिंबावरच्या अळ्या

सकाळी हॉलमधला पडदा सरकवताना लिंबाच्या कुंडीला धक्का लागला आणि एक आंबट, उग्र वास नाकात शिरला. नुसत्या पानांना असा वास यायचा नाही, एवढं मला कळतं. बागायतदाराची लेक आहे मी. वाकून, चष्मा खालीवर करून पाहिलं, तर अळ्या! दोन चांगल्या करंगळीएवढ्या, हिरव्यागार, पानाची कड कुरतडत बसलेल्या. आणि तीन-चार लहानग्या, काळ्या-पांढऱ्या, चिमणीची शीट म्हणून कुणीही सोडून देईल अशा. सावेडीत, शहरात, दुसऱ्या मजल्यावर, ग्रिलच्या आत, टीव्हीच्या शेजारी! कुठलं फुलपाखरू कधी आत येऊन अंडी घालून गेलं, कोण जाणे. सवयीनं माझा हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. मी शेजारच्या खुर्चीत बसले. ही खुर्ची अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची.

गोदाकाठी पुणतांब्याला आमची लिंबाची बाग होती. आमच्या घरात ‘अळी’ हा शब्द शिवीसारखा उच्चारला जाई. नव्या रोपांना पालवी फुटली की शाळेआधी आम्हा भावंडांना एकेक ओळ वाटून मिळे, आणि हातात रॉकेल घातलेल्या पाण्याचा डालड्याचा डबा. अळी वेचायची, डब्यात टाकायची, पुढचं रोप. डिवचलं की ती डोक्यातून दोन केशरी शिंगं बाहेर काढी आणि हाच वास सोडी. धाकटा भाऊ किंचाळून पळायचा आणि अण्णा खदाखदा हसायचे, “आरं, ती तुला भ्याली अन् तू तिला! धर की!” वर्गात बोटांना तो वास येत राही, शेजारची मुलगी नाक मुरडून सरकून बसे. त्या वेचण्यात दुष्टावा नव्हता आणि दयाही नव्हती. अंगण झाडावं तसं ते काम होतं.

आई गेल्यावर अण्णांचे गुडघे बसले. बाग भावाच्या हवाली करून मी त्यांना इकडे आणलं. येताना एसटीत मांडीवर पिशवी, पिशवीत हे एवढंसं लिंबाचं रोप. “हितं ऊन पुरायचं न्हाई त्याला, पर जगंल,” म्हणाले. नदीकाठी सारा जन्म गेलेला तो माणूस मग दिवसभर या खिडकीशी बसायचा. आणि मी? मी शाळेत शिक्षिका. सकाळ म्हणजे नुसती पळापळ: डबे, कुकरच्या शिट्ट्या, सापडत नसलेली स्कूटरची किल्ली. श्रावण सरत आला होता. रोज सकाळी खुर्चीतून हाक यायची, “आगं, हिकडं ये जरा. लिंबाकडं बघ ह्या.” “आले अण्णा!” म्हणायचं आणि जिना उतरायचा, हे माझं ठरलेलं. संध्याकाळी मी दमलेली आणि त्यांना अंधारात धड दिसत नसे. आठ-दहा दिवस ते बोलावत राहिले. खरं सांगू? मला त्या हाकांचा कंटाळा येत होता. आज त्यातली एक हाक ऐकायला मिळावी म्हणून मी काय वाटेल ते करीन.

मग एका रविवारी ते समोरच्या फ्लॅटमधल्या चाचांबरोबर खाली दाढीला गेले. मी एकदाची कुंडीशी गेले, तर झाडावर अळ्याच अळ्या. अगं बाई, म्हणून बोलावत होते होय! बोटं थरथरतात बिचाऱ्यांची, वेचायच्या कशा? शेतकऱ्याची पोर जागी झाली. मगात साबणाचं पाणी घेतलं, पाच मिनिटांत एकूण एक वेचली, पानं ओल्या फडक्यानं पुसली. अण्णा दारात दिसताच मी फुशारकीनं म्हणाले, “काढल्या हो सगळ्या. एक ठेवली नाही!” त्यांनी एक पान उलटून पाहिलं. मग दुसरं. “बरं केलंस,” म्हणाले. “हात धू साबनानं.” त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही. ते मला कळलंही नाही, मी माझ्या घाईतच होते. थंडीत ते गेले.

चाचा आयुष्यभर शिवणकाम केलेले, मोजकं बोलणारे. भेटायला आले तेव्हा बराच वेळ लिंबाकडे बघत राहिले. “अकरा होत्या, बेटी,” म्हणाले. “रोज मला बोलवायचे, चष्मा लावून या म्हणायचे. एकेकीला ओळखायचे अण्णा. म्हणायचे, जन्मभर मारल्या, पर बसून कंदी बघितल्या न्हाईत. पोरीला सुट्टी मिळाली की तिला दाखवायच्यात.” मग म्हणाले, “एक दिवस बघतो तर झाड रिकामं. कुठं गेल्या विचारलं, तर म्हणाले, पाखरं झाली, उडून गेली.” माझी चूक त्या माणसानं शेजाऱ्यालासुद्धा कळू दिली नव्हती.

आज या पुन्हा आल्यात. “औषध मारू का?” म्हणून यांनी विचारलं, तर मी अंगावरच गेले, “हात लावायचा नाही कुणी!” झाडाला जेमतेम पंधरा पानं उरलीत. ती सगळी जातील, जाऊ देत. अण्णांच्या हातचं एवढंच उरलंय, तरीही. मी बघतेय. अळी पानाच्या कडेनं खात मधल्या शिरेपर्यंत येते, थांबते, डोकं उचलते, जणू कुणी काही विचारलंय. डोळ्यांपुढे पान संपत जातं, आणि तरी वेळ सरत नाही. शेकडो मारल्या मी लहानपणी. एक पान संपायला किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं. अण्णांकडे तेवढा वेळ होता, आणि त्यातला थोडा मला द्यायचा होता.

घड्याळात शाळेची वेळ झाली. मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला, आज येत नाही म्हटलं. “का हो, बरं नाही का?” त्यांनी विचारलं. काहीतरी कारण सांगायला गेले आणि तोंडून निघून गेलं, “अण्णांनी बोलावलंय.”

अण्णांच्या दहाव्याला त्या स्वतः आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, “बरं. जा तुम्ही.”