फोटोच्या कोपऱ्यातलं बोट

सकाळी सुकुमारचा फोन आला. सुकुमार म्हणजे आमच्या भावकीतला पुतण्या, हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात राहणारा. 'अक्का गेल्या' असं तो म्हणालाच नाही. त्यानं विचारलं, "काकू, अक्कांचा एखादा चांगला फोटो हाय काय तुमच्याजवळ? लगेच पाठवा, फ्लेक्सवाला थांबलाय." मी म्हटलं, "कसला फ्लेक्स रे? वाढदिवसाला तर अजून अवकाश आहे…" आमच्या भागात माणूस निवडून आला, पोलिसात भरती झाला, नुसता वर्षानं मोठा झाला तरी चौकात फ्लेक्स लागतो, आणि माणूस गेला तरी दुपारच्या आत लागतो. हे सगळं ठाऊक असूनही मी वाढदिवसच धरून बसले होते. मग सुकुमार हळू आवाजात म्हणाला, "काकू… तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय?" पहाटे धार काढायला गोठ्यात गेल्या, तिथंच छातीत कळ आली, गाडीत घातलं, पण वाटेतच… पुढचं मला ऐकू आलं नाही. फोटो माझ्याजवळ नव्हता. एकच फोटो मी अक्कांच्याच कॅमेऱ्यानं काढला होता, आणि तो बिघडलेला होता, आणि त्यांनी तो केव्हाच पुसला असणार.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. 'जावा जावा, हेवा दावा' असं म्हणतात. आमच्यातही तो सुरुवातीला रीतसर झाला. मी मलकापूरची, शिकलेली, लग्न होऊन आले आणि वर्षभरात नोकरीसाठी कोल्हापुरात बिऱ्हाड केलं. मागं शेत, म्हशी आणि सासू-सासरे अक्कांच्या वाट्याला आले. बोलून दाखवायला त्या कमी करत नसत. "तू काय बाई, खडू धरून पगार घेतीस, मी शेण धरून शिव्या घेतो," असं भर पंगतीत म्हणायच्या. (आमच्याकडच्या बायका 'मी घेतो, मी जातो' असंच बोलतात, बाहेरच्यांना त्याचं हसू येतं.) पण माझ्या बाळंतपणात एसटीनं डिंकाचे लाडू घेऊन आल्या त्या महिनाभर हलल्या नाहीत. तिथून पुढं हेवादावा केवळ तोंडाला चव म्हणून राहिला.

चार-पाच वर्षांपूर्वी आमचे थोरले दीर, म्हणजे आण्णा, गेले. अक्का एकदम गप्प झाल्या. ज्यांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू यायचा, त्या फोनवर 'हं… हं…' करायला लागल्या. त्यांचा मुलगा अभय पुण्यात नोकरीला. त्यानं हौसेनं मोठा कॅमेरा घेतला होता; दोन-चार गड चढला, नव्याचे नऊ दिवस संपले, आणि दिवाळीला तो कॅमेरा गावी आणून कपाटात ठेवून गेला. त्यानंतर एका सकाळी अक्का माझ्या दारात. हातात बाजाराची पिशवी, वर मेथीच्या पेंड्या, आणि खाली टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा, कुणी एसटीत ओळखू नये म्हणून.

"ह्यो शिकीव मला."

"अक्का, मला तरी कुठं येतोय?"

"तुला इंग्रजी येतंय न्हवं? त्येचं पुस्तक हाय आत. तू वाच, मी करतो."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते जाडजूड पुस्तक वाचायची, त्याचं मराठी करायची, आणि अक्का त्या मराठीचं त्यांच्या भाषेत करून घ्यायच्या. बटण आधी अर्धं दाबून थांबायचं, आत हिरवा ठिपका दिसला की मग पूर्ण दाबायचं, हे मला तीनदा वाचूनही उमजेना. अक्का म्हणाल्या, "म्हंजे पान्हा सुटंस्तवर दम धरायचा. घाई केली की म्हस लाथ मारती." शटरला त्या पापणी म्हणायच्या. उजेड कमी असला की पापणी जास्त वेळ उघडी राहते आणि तेवढा वेळ हात हलता कामा नये, हे कळल्यावर त्या फोटो काढताना श्वासच धरून ठेवायच्या. मला भीती वाटायची.

पहिल्या दिवशी माझ्या गॅलरीतल्या जास्वंदीचे त्यांनी ढीगभर फोटो काढले. प्रत्येकात कोपऱ्यात एक धुरकट गुलाबी गोळा. कॅमेराच बिघडलाय म्हणून आम्ही दोघी हवालदिल. अभयला काय सांगायचं यावर कुजबूजही झाली. माझे यजमान पेपर वाचता वाचता उठून आले, बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ते तुमचं बोट आहे." अक्कांना त्या बोटाचा असा काही राग आला की सगळे फोटो तिथल्या तिथं पुसायला लावले. कॅमेरा कसा धरायचा हे मग त्यांनीच शोधून काढलं: डाव्या हातानं खालून, तांब्या धरल्यागत. मी मात्र तो डब्याचं झाकण धरावं तसा वरूनच धरायची, आणि माझं बोट यायचंच. "बोट!" अक्का ओरडायच्या. "सुजा, बोट!" बटण दाबायच्या आधीच त्यांना दिसायचं. शिक्षिका म्हणून जन्मभर मी पोरांना ओरडले, त्याचं सगळं उट्टं अक्कांनी वर्षभरात काढलं.

त्या मुक्कामाला आल्या की सकाळच्या वेळी आम्ही रंकाळ्यावर जायचो. दोन म्हाताऱ्या, एकीच्या गळ्यात कॅमेरा, डोक्यावर पदर. फिरायला आलेला एक पोटवाला गृहस्थ थांबून म्हणाला, "मावशी, पेपरातनं आलाय काय?" अक्का चेहरा न हलवता म्हणाल्या, "व्हय. पावणं, पोट आत घ्या, उद्या पहिल्या पानावर हाईसा तुमी." तो बिचारा खरंच श्वास ओढून ताठ उभा राहिला. बसस्टॉपवर येईपर्यंत आम्ही हसत होतो. आण्णा गेल्यानंतर त्या दिवशी मी अक्कांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

पण हौस नुसती हौस नव्हती, हे मला गावी गेल्यावर कळलं. सोप्यातल्या भिंतीवर आण्णांचा हार घातलेला फोटो होता. आण्णांचा एकट्याचा फोटो कुणीच कधी काढलेला नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं तोंड कापून घेतलेलं, आणि फोटोवाल्यानं त्याखाली काळा कोट आणि टाय चिकटवलेला, मागं निळं आभाळ. असे कोट आमच्याकडं घरोघरी भिंतीवर आहेत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अक्कांना वाटलं. माझ्या शेजारी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "ह्यांनी जन्मात कधी कोट घातला न्हाय. ह्यो कोण पावणा आणून टांगलाय म्हणायचा माझ्या भिंतीवर? मी दिवा लावतो, आन् समोर ह्यो सायब. रोज बघून बघून मला आता त्यांचं खरं तोंड आठवंना झालंय, सुजा…" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर त्या हात झटकून म्हणाल्या, "चल, उजेड जाईल."

मग गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायचा त्यांनी सपाटाच लावला. नेसत्या लुगड्यात, बंडीत, खुरपं हातात असेल तर खुरप्यासकट. सुरुवातीला लोक बिचकले. "आमाला एवढ्यात धाडती काय गं?" म्हणून एका आजीनं तोंडावर पदरच ओढला. अक्कांचा हिशेब सरळ होता: "आज ना उद्या भिंतीवर जायचंच हाय, मग आपलंच तोंड घेऊन जावं की." हळूहळू ते लोकांना पटलं. बसदीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन बाहेर पडणारे गल्लीतले तात्या स्वतःच पायरीवर बसून राहायचे आणि अक्का दिसल्या की टोपी सारखी करायचे.

एकच अडचण होती. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं. मी शहरात आल्यावर तो नेम कधीच सोडला, पण अक्कांनी तो कधी मोडला नाही. आणि फोटोला सगळ्यात देखणा उजेड नेमका त्याच वेळेला येतो. पिवळाधमक, तिरका, माणसाच्या सुरकुत्यांत शिरणारा. "उजेड आन् भाकरी एका टायमाला वाढत्यात बघ," असं त्या वैतागून म्हणायच्या. मग ताट झाकून ठेवायचं, अंगणात जायचं, दोन फोटो काढायचे, परत येऊन घाईघाईनं घास गिळायचे, पुन्हा दारातून सूर्य कुठवर आलाय ते बघायचं. चार वर्षं ही त्यांची संध्याकाळची पळापळ चालली. त्या पळापळीनंच त्यांना उभं केलं, असं मला वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मी गावी गेले होते. अशीच संध्याकाळ. अक्कांनी ताट वाढून घेतलं, आणि एकदम कॅमेरा माझ्या हातात दिला. "आता माझा काढ. भिंतीवरचा." मी म्हटलं, "अक्का, काहीतरीच काय…" तर म्हणाल्या, "तूच काढायचास. दुसऱ्या कुणी काढला तर मला न्हाय हसाय येणार. काढ लवकर, भाकरी निवती." गोठ्याच्या दारात त्या उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, पुन्हा थोडा विस्कटला. तोंड अगदी गंभीर केलं. मी अर्धं बटण दाबलं, थांबले, ठिपका हिरवा झाला, आणि मी पूर्ण दाबतेय तेवढ्यात त्या ओरडल्या, "बोट! अगं, बोट!" आणि हसत सुटल्या… पडलेला दात दिसेस्तोवर, डोळे मिटेस्तोवर.

"अक्का, पुन्हा एक काढते."

त्यांनी पश्चिमेकडं बघितलं. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला होता. "ऱ्हाऊ दे आता, दिवस मावळतोय. जेवून घेतो. उद्या काढू की, मी काय पळून जातो?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच एसटीनं मला परतायचं होतं. मग पाहुणे, मग त्यांचा गुडघा, मग उसाची तोड… तो उद्या आलाच नाही.

फोन ठेवून आम्ही गावी पोचलो तोवर चौकात फ्लेक्स लागला होता. फोटो कुठल्या तरी कागदपत्रासाठी काढलेला. मागं निळा पडदा, कानामागं घट्ट ओढलेला पदर, आणि धरून आणल्यासारखे घाबरलेले डोळे. गल्लीतल्या प्रत्येकाला त्याचं तोंड देऊन गेलेली बाई, आणि तिच्याच फ्लेक्सवर ही कोण परकी? त्याच चौकातून अक्कांना नेलं. मी मान वर केली नाही. मला इतका राग आला होता की रडूही येईना, आणि तो राग कुणावर काढायचा तेही कळेना.

रक्षाविसर्जन झाल्यावर अभयनं कपाटातून कॅमेरा काढला. आम्ही दोघं सोप्यात, कोटातल्या आण्णांच्या खाली बसून एकेक फोटो मागं नेत होतो. तात्या, आज्या, म्हशी, खुरपी… आणि मग गोठ्याचं दार. मी समजत होते, अक्कांनी तो पुसला असेल. बोट आलेला एकही फोटो त्यांनी कधी ठेवला नव्हता. हा ठेवला होता. अभयनं तो छोट्या पडद्यावर मोठा करून बघितला. "काकू, आण्णा गेल्यापास्नं आई अशी हसलेली मी बघितलीच न्हाय," एवढं म्हणाला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मग माझाही बांध फुटला.

कोल्हापुरात ज्यांच्याकडं फोटो मोठा करायला दिला, ते भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, कोपऱ्यात हे बोट आलंय बघा. काढून टाकतो की, कळणारसुद्धा न्हाय. आन् पाठीमागं गोठा कशाला? छान आभाळ टाकू." मी त्यांना म्हटलं, "आभाळ नको, आणि बोटाला हात लावू नका." ते अभयकडं बघायला लागले. मी सांगितलं, "बोट काढलंत तर त्या कशाला हसतायत ते कुणाला कळायचं?" अभय म्हणाला, "काकू म्हणत्यात तसंच करा."

आता अक्का भिंतीवर आहेत, कोटवाल्या आण्णांच्या शेजारी. येणारे-जाणारे विचारतात, हे कोपऱ्यात काय आलंय? घरातलं कुणीतरी सांगतं, काकूंचं बोट. कॅमेरा अभयनं मला दिला. संध्याकाळी मी गॅलरीत तो हातात घेते, तांब्या धरल्यागत खालून, आणि काही न काढताच परत ठेवते. दिवस मावळायच्या आत जेवायला लागलेय, हे यजमानांच्या लक्षात आलंय.

परवा गावी गेले होते. सोप्यात कुणी नव्हतं. तिरका उजेड दारातून थेट भिंतीवर आला होता. हार वाळला होता म्हणून नवा घेतला, स्टुलावर चढले आणि हार घालताना माझं बोट फोटोच्या काचेवर आलं. अक्कांचं तोंड उघडं, तो शब्द अजून ओठांवरच… आणि मी घाईघाईनं हात मागं घेतला.