गुरुवार ते शनिवार

त्या गुरुवारी सराव संपल्यावर तो माझ्या टेबलावर येऊन बसला आणि त्याने विचारलं, "मुलीची सर्दी बरी झाली का?"

"झाली. आज शाळेत गेलीय," मी म्हटलं. मी त्याच्या घोट्याची पट्टी सोडत होते. ती पूर्ण सुटायच्या आत त्याने पुन्हा विचारलं, "तुझ्या मुलीची सर्दी कशी आहे?"

आवाजात काळजी होती, मघाशी होती तशीच. माझे हात थांबले.

मी तेव्हा नेपरव्हिलमधल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. पुण्यात शिकले, लग्नानंतर अमेरिकेत आले, परीक्षा देऊन लायसन्स मिळवलं आणि या क्लिनिकने माझा व्हिसा केला. ग्रीन कार्डाचा अर्जही त्यांच्यामार्फतच गेला होता. साल २००४. जवळच्या एका लहानशा व्यावसायिक फुटबॉल क्लबशी क्लिनिकचा करार होता. आठवड्यातून तीन दिवस मी त्यांच्या मैदानावर जायचे. घोटे, गुडघे, मांडीचे ताणलेले स्नायू, एवढंच माझं काम.

तो त्या संघाचा मधला बचावपटू. उंच, बोलायला मऊ, तिशीच्या अलीकडचा. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचा. "तुझा अख्खा देश आमच्या साताऱ्यापेक्षा लहान आहे," असं मी एकदा सांगितलं तेव्हा तो खूप हसला आणि साताऱ्याचा संघ कसा खेळतो, असं विचारायला लागला. त्या बेटावर फुटबॉलवर पोट भरणारा तो एकटाच. आधी शेजारच्या मोठ्या बेटावर दोन वर्षं खेळला, मग इंग्लंडमधल्या एका क्लबने सहा आठवडे पारखून परत पाठवलं, मग इथे आला. देशाच्या संघाचा तो कप्तान होता. तिकडच्या टेलिफोन कार्डांवर त्याचा फोटो छापलेला होता. असं एक कार्ड तो पाकिटात ठेवायचा आणि कुणाला खरं वाटलं नाही की काढून दाखवायचा.

त्या सकाळी कॉर्नरचा सराव चालू असताना त्याचं डोकं दुसऱ्या एका खेळाडूच्या डोक्यावर आपटलं होतं. आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला होता. तो पडला, लगेच उठला, हसला आणि खेळत राहिला. डोक्याला टेंगूळसुद्धा नव्हतं.

"डिसेंबरपासून उलटे महिने म्हण," मी त्याला सांगितलं. मेंदूला मार बसलाय का, हे असं तपासतात.

तो नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबरपर्यंत नीट आला. मग थांबला. मग म्हणाला, "ऑक्टोबर." मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं, आणि मला कळलंय हेही त्याला कळलं होतं.

आम्ही अर्थात इंग्रजीतच बोलायचो, पण आठवताना ते सगळं मला मराठीतच ऐकू येतं. तो म्हणाला, "लिहू नकोस. पुढच्या रविवारी आमच्या देशाची वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीची मॅच आहे, घरच्या मैदानावर. माझ्या आयुष्यात अशी मॅच पुन्हा येणार नाही. आणि शनिवारी इथे खेळलो नाही तर कोच मला जाऊच देणार नाही. क्लबला मला काढायला कारणच हवंय. करार गेला की व्हिसा गेला. तुला माहितेय ते."

मला माहीत होतं. त्या वर्षांत आम्ही सगळे असेच जगत होतो. कागद नीट, पत्ता बदलला तर कळवायचं, पोलिसाची गाडी मागे दिसली की स्टीअरिंगवरचे हात घट्ट व्हायचे. मी म्हटलं, "दोन दिवस हेडर मारू नकोस. डोकं दुखलं, उलटी झाली, तर लगेच मला फोन कर." आणि फॉर्मवर फक्त घोट्याबद्दल लिहिलं.

घरी येताना एका लाल सिग्नलवर मी हिरवा होऊनही उभीच राहिले. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

भीती नुसती हवेतली नव्हती. पुण्यात इंटर्नशिपला असताना मी एका कबड्डीपटूला चमचा धरायला शिकवलं होतं. सामन्यात त्याच्या डोक्याला गुडघा लागला होता, दोन दिवस डोकं दुखत होतं, त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि आठवडाभरात पुन्हा लागलं. दुसरा मार पहिल्यापेक्षा हलका होता असं त्याचे मित्र सांगायचे. त्याची आई रोज सकाळी दारात उभी राहून मला विचारायची, "आज काय म्हणतोय?" तो काहीच म्हणत नव्हता.

मी नवऱ्याला सांगितलं. तो शिकागोत एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि संध्याकाळच्या ट्रेनने थकून यायचा. बूट काढता काढता त्याने सगळं ऐकलं.

"तू डॉक्टर आहेस का?" तो म्हणाला. "नाहीस. मग डायग्नोस कशाला करतेस? क्लब चिडला, कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल केलं, तर क्लिनिक तुला ठेवेल? आपला अर्ज मध्येच अडकलाय यार."

"आणि त्याला काही झालं तर?"

"तो मोठा माणूस आहे. त्याने स्वतः सांगितलंय ना, लिहू नकोस म्हणून?"

त्याचं चुकत होतं असं मला म्हणता आलं नाही, कारण गुरुवारी मी स्वतःला अगदी हेच सांगितलं होतं. शुक्रवारी मी बॉसना सगळं सांगायला दोनदा फोन उचलून खाली ठेवला. तिसऱ्यांदा त्या खेळाडूलाच केला. "एकदम ठीक आहे," तो म्हणाला. जरा जास्तच जोरात म्हणाला.

शनिवारी दुपारी सामना होता. ऊन होतं पण वारा बोचरा. मी बाकावर बसले होते, मांडीवर बॅग. एरवी मी खेळाडूंचे पाय बघायचे. त्या दिवशी फक्त आकाश बघत होते. उंच बॉल उडाला की तो कुठे पडणार याचा अंदाज बांधायचे. पहिला बॉल त्याने छातीवर घेतला. दुसरा दुसऱ्याकडे गेला. मला वाटलं, ऐकतोय माझं. मग गोलकीपरने लांब किक मारली, बॉल सरळ त्याच्यावर आला, आणि त्याने उडी मारून तो डोक्याने परतवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो उभाच होता. पडला असता तर बरं झालं असतं, निदान सगळ्यांना दिसलं असतं. तो वळला, शांतपणे चालत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि समोरच्या संघाच्या गोलपुढे, पाठ त्यांच्या गोलकडे करून, बचावाला उभा राहिला. जणू तोच आपला गोल. कोच ओरडला, "काय करतोय हा?" कुणीतरी हसलं.

रेफरीने खूण केल्याशिवाय फिजिओने आत जायचं नसतं. मी धावत आत गेले. शिट्टी वाजली, रेफरी माझ्यावर ओरडत मागून आला. मी आमच्या खेळाडूचे दोन्ही दंड धरले आणि त्याला हाक मारली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. घाबरलेल्या माणसाच्या सौजन्याने त्याने विचारलं, "माफ करा, आपण कोण?"

एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. "खाली बस," मी म्हटलं. तो बसला, आणि तिथेच गवतावर त्याला उलटी झाली.

हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाला. मेंदूच्या वेष्टनाखाली थोडा रक्तस्राव होता. ऑपरेशन लागणार नाही, पण लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आणखी एक फटका बसला असता तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

रविवारी त्याची मोठी बहीण न्यूयॉर्कहून आली. ती तिकडे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची. कॉरिडॉरमध्ये तिने माझे हात हातात घेतले, आभार मानले. मग विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. तो झोपला होता, त्याला काही आठवत नव्हतं.

"गुरुवारी," मी म्हटलं.

तिने मनातल्या मनात दिवस मोजले असावेत. हात सोडले नाहीत, पण पकड सैल झाली. "तो ज्या मैदानावर शिकला," ती म्हणाली, "तिथे गुरं चरायची. तिथून तो इथवर आला. आणि तू दोन दिवस थांबलीस." मग ती आत गेली.

सोमवारी मी क्लिनिकमध्ये खरा रिपोर्ट लिहून दिला. गुरुवार, उलटे महिने, माझं गप्प बसणं, सगळं. आमच्या बॉसबाईंनी तो दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं. मला क्लबच्या कामावरून काढलं, पण नोकरीवर ठेवलं. "हे तू लिहिलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं," एवढंच त्या म्हणाल्या. ते कौतुक होतं की इशारा, मला आजही ठरवता येत नाही. नवरा चार दिवस माझ्याशी मोजकं बोलला. पाचव्या दिवशी ऑफिसातून फोन करून म्हणाला, "मी तुला चुकीचं सांगितलं." दारावर पोस्टमन आला की पुढची दोन वर्षं मी आधी इमिग्रेशनचं पाकीट शोधायचे.

त्याचा देश ती मॅच त्याच्याशिवाय खेळला आणि हरला. महिन्याभराने क्लबने करार संपवला आणि तो बहिणीबरोबर निघून गेला. मला भेटला नाही. मी निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. तो पुन्हा कधी व्यावसायिक फुटबॉल खेळला नाही.

२००७ च्या शरद ऋतूत क्लिनिकमध्ये माझ्यासाठी फोन आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. बेटावरच्या शाळेत तो मुलींना फुटबॉल शिकवत होता. कडक उन्हात डोकं अजून दुखायचं, म्हणून सराव पहाटे.

"मी तुझ्यावर फार रागावलो होतो," तो म्हणाला. "मला आत येऊन थांबवलंस म्हणून. बहीण तुझ्यावर वेगळ्या कारणाने रागावली होती."

"तिचं बरोबर होतं."

"हो," तो म्हणाला. "होतं."

मग तो म्हणाला, एका मुलीचा गुडघा दुखतोय, वाटीच्या खाली, उडी मारताना. मी चार व्यायाम सांगितले. तो म्हणाला, "सावकाश सांग, लिहून घेतोय. हल्ली सगळं लिहूनच ठेवतो." लिहून झाल्यावर त्याने चारही वाचून दाखवले. तिसऱ्यात टाच उचलायची की टेकवायची याचा गोंधळ होता, तो मी दुरुस्त केला. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता. "आल्या सगळ्या," तो म्हणाला, आणि घाईने फोन ठेवला.