माझ्या वतीने वहिनी बोलल्या

मुलांनो, तुमचे आजोबा आणि मी नवी मुंबईत नवे होतो, तेव्हा कोपरखैरण्याला एका आगरी कुटुंबाच्या घरात भाड्याने राहत होतो. त्या घरमालकीणबाईंना मी अजून वहिनी म्हणते. त्या अजून तिथेच राहतात. घर सखल जागी. उधाण आलं की खाडीचं पाणी गटारातून उलटं घरात शिरतं. तक्रार केली की खात्याचा माणूस ओहोटीला येतो, कोरड्या गटाराचा फोटो काढतो आणि तक्रार बंद करून टाकतो.

म्हणून अलीकडे वहिनी आणि मी सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकायुक्तांकडे गेलो. सुनावणीची वाट पाहत होतो, तेवढ्यात त्या कार्यालयाचे नियम बदलायचा प्रस्ताव आला. समोरासमोर सुनावणी बंद, सगळं ऑनलाइन. वहिनींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांचं म्हणणं मग ऐकणार कोण?

प्रस्तावावर हरकती मागवल्या होत्या. मी माझी हरकत टाइप करून मुदतीआधी दिली, पोच घेतली आणि हरकती ऐकायच्या बैठकीला वहिनींनाही नेलं. तिथे कळलं, ज्यांची लेखी हरकत आहे त्यांनीच बोलायचं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझ्या वतीने या बोलतील."

लिपिक गडबडला. "आजी, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने दुसरं कोणी बोलतं. तुम्हाला तर येतं!"

"मला येत असेल तर दुसऱ्याला बोलू देऊ नये, असं कुठल्या नियमात आहे? नियम मी सोबत आणलेत."

अधिकाऱ्यांनी हात हलवून परवानगी दिली. वहिनींनी पदर खोचला.

"साहेब, तुमच्या मोबाइलला भरती-ओहोटी कलत नाय. पानी घरान येतं तवा फोटो काढाला कोन येत नाय."

"पुरावा काय?"

"उधानाला माझे घरा चाय पियाला या. पाय तेवढे खाटेवर घेऊन बसा."

सगळे हसले. अधिकारी मात्र पुढे वाकले. "पुढचं उधाण कधी?"

"अवसेला."

मी लगेच उभी राहिले. "साहेब, आत्ता तुम्ही विचारलंत आणि यांनी उत्तर दिलं. ऑनलाइन हे कसं विचारलं असतंत? माझी हरकत एवढीच आहे. इतिवृत्तात घ्या."

त्यांनी लिपिकाला लिहायला सांगितलं. लिहून होईपर्यंत मी बसले नाही.

निर्णय अजून आलेला नाही. मी दर सोमवारी फोन करते. लिपिक आता आवाज ओळखतो. "आजी, अजून काही नाही."

"बरं," मी म्हणते, "पुढच्या सोमवारी वहिनी विचारतील. त्यांच्याशीही नीट बोला."